अक्का म्हणायचं कधी

उलटतपासणी ही सत्यापर्यंत पोचण्याची माणसाने शोधलेली सर्वांत सुसंस्कृत वाट आहे. जळगावच्या त्या हॉटेलच्या सभागृहात, व्यासपीठामागच्या फलकावर, हे वाक्य माझ्या फोटोशेजारी छापलं होतं. वाक्य माझंच होतं. आयोजकांनी फोनवर विचारलं होतं, तेव्हा मी धुळ्याच्या बसस्टँडवर एका हातात छत्री आणि दुसऱ्यात केळी घेऊन उभा होतो, आणि त्यांना काहीतरी वजनदार हवं होतं.

कार्यशाळा दोन दिवसांची, नवीन वकिलांसाठी. समई पंख्यापुढे टिकेना म्हणून पंखा बंद केला, मग घाम येऊ लागला म्हणून समईच बाजूला ठेवली. शाल, श्रीफळ, पाहुण्यांचा परिचय. माझा परिचय करून देणाऱ्याने मी न लढवलेले दोन खटलेही जिंकून दिले. मी हरकत घेतली नाही. समोर चाळीसेक मुलं-मुली काळे कोट घालून वह्या उघडून बसली होती.

शिकवायला मी दर वेळी एकच साक्ष नेतो. नावं खोडलेली, तीन पानी. बरीच वर्षं झाली त्या खटल्याला. सोनगीरच्या अलीकडे, हायवेच्या कडेने चालत असलेल्या एका माणसाला ट्रकने उडवलं. त्याची बायको चार पावलं मागे होती. तिने ट्रक रस्ता सोडून खाली येताना पाहिला. दुसरा साक्षीदार नव्हता. मी ट्रकच्या ड्रायव्हरचा वकील होतो. ड्रायव्हरने मला काय सांगितलं ते इथे लिहिता येणार नाही. अशिलाचं गुपित वकिलाला मरेपर्यंत सांभाळावं लागतं. एवढंच लिहितो की बाई खरं बोलत होती.

ती मजुरीला जाणारी, पन्नाशीची. पिंजऱ्यात उभी राहिली तेव्हा लाकडी कठडा दोन्ही हातांनी धरून होती. सरकारी वकिलांनी तिला घाईघाईने प्रश्न विचारले, न्यायाधीशांनी मोठ्याने बोला म्हणून दोनदा सुनावलं, शिपायाने डोक्यावरचा पदर नीट घ्यायला लावला. मग मी उठलो आणि म्हणालो, ‘अक्का, बसायला हवंय का?’

आमच्याकडे चारचौघांत कुणी अक्का म्हटलं की तो भाऊ होतो, आणि भावाला चारचौघांत तोंडावर खोटं पाडत नाहीत. घरी गेल्यावर काय ते सुनावतात. हे मला माहीत होतं. माझं सगळं कौशल्य त्यात होतं, बाकी कोट.

मी विचारलं, अक्का, सकाळचं ऊन डोळ्यावर असेल. ती म्हणाली, ‘व्हई, भाऊ.’ असेल. मी विचारलं, तुमचे मालक खड्डा चुकवायला जरा रस्त्यावर आले असतील. तिने कठड्यावरचा एक हात काढून पदर पुढे ओढला. मग म्हणाली, ‘व्हई, भाऊ.’ मी विचारलं, ट्रक खाली उतरला असं नंतर लोकांनी सांगितलं म्हणून तुम्हाला तसं वाटत असेल. तिसरं ‘व्हई’ इतकं हळू होतं की न्यायाधीशांनी माझ्याकडे बघून खात्री केली आणि मग टाइप करायला सांगितलं. मी खोटं काही बोललो नाही. मी फक्त विचारलं. ड्रायव्हर सुटला.

कार्यशाळेत मी नेहमी इथे थांबतो. टाळ्या पडतात, मग चहा असतो.

जळगावला या साक्षीचं नाट्यरूप करून घ्यायचं ठरलं. साक्षीदार म्हणून नशिराबादहून येणारी एक वकील मुलगी खुर्चीवर बसली. तिच्या हातात एक कागद होता: तू काय पाहिलंस ते यात आहे, ते खरं आहे. उलटतपासणीला धुळ्याचा, देवपूरचा एक तरुण उठला. चुणचुणीत, कोट इस्त्रीचा. त्याने पहिल्याच वाक्यात अक्का म्हटलं, तेव्हा हशा पिकला. ती त्याच्याहून लहान होती. पण दोन प्रश्नांनंतर हसणं थांबलं, कारण ती खरंच ‘असेल, भाऊ’ म्हणू लागली होती. तिसऱ्यांदा म्हणाली आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या.

नंतर साक्षीदाराने आपला अनुभव सांगायचा, अशी पद्धत आहे. ती खुर्चीतून उठली नाही. म्हणाली, ‘सर, मी काय पाहिलं ते माझ्या हातातल्या कागदावर लिहिलेलं होतं. तरी मला नाही म्हणता आलं नाही. इतकं चांगलं बोलणाऱ्याचा सगळ्यांसमोर अपमान कसा करायचा?’ मग तिने कागदाची घडी घातली आणि विचारलं, ‘ती बाई नंतर काही म्हणाली का?’

सहा वर्षं मी ही साक्ष शिकवतो आहे. हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. नाही म्हणालो असतो तर चहाची वेळ झालीच होती.

ती म्हणाली होती. साक्ष संपल्यावर मी बाहेर व्हरांड्यात पाणी पीत होतो. ती आली. सरकारी वकील तिला सोडून पुढच्या कोर्टात गेले होते. त्या सबंध दिवसात तिच्याशी नीट बोललेला माणूस मी एकटाच होतो, म्हणून ती मलाच विचारायला आली.

‘भाऊ, मन्हं काही चुकनं नही ना?’

माझं काही चुकलं तर नाही ना. आणि मी म्हणालो, नाही अक्का, सगळं बरोबर झालं.

त्यानंतर शिरपूरला जायचं असलं की सोनगीर यायच्या आत मी पेपर काढतो आणि गाव मागे पडेपर्यंत घडी घालत नाही. पेपर उलटा असला तरी चालतो. भाजीबाजारात कुणी कुणाला अक्का म्हणून हाक मारली की मी वळून बघतो, आणि दर वेळी वाटतं की या वेळी ती विचारेल आणि मला दुसरं उत्तर द्यावं लागेल. थोरल्या बहिणीला मी ताई म्हणू लागलो. तिचा समज आहे की पुण्याला जाऊन आल्यापासून मला शिंगं फुटली.

हे सगळं मी त्या सभागृहात सांगितलं. बहिणीचं सोडून. मुलीने मान खाली घातली. बाकी सगळे लिहीत होते, आणि मला क्षणभर वाटलं, पोचलं. यातला एक जरी उद्या एखाद्या बाईसमोर अडखळला तरी पुष्कळ झालं.

तेवढ्यात देवपूरच्या तरुणाने हात वर केला. ‘सर, अक्का पहिल्याच प्रश्नात म्हणायचं की थोडं थांबून?’

कुणीतरी चहा आल्याचं जाहीर केलं.

दोन-तीन महिन्यांनी धुळ्यात एका कोर्टाबाहेर माझी पाळी येण्याची वाट बघत होतो. आतून आवाज ओळखीचा आला. मऊ, अदबशीर. ‘अक्का, त्या वेळी गर्दी खूप असेल ना?’ मी दारातून आत पाहिलं. देवपूरचा तरुण एक पाऊल पुढे टाकून, मान किंचित वाकवून उभा होता, अगदी माझ्यासारखा.

पिंजऱ्यातल्या साक्षीदाराचं वय बावीस होतं. ती म्हणाली, ‘नाही, काका,’ आणि टंकलेखकाने ते काकासकट लिहून घेतलं.