सोयीनुसार म्हणजे कोणाच्या?

यवतमाळ जिल्ह्यात बारीक अक्षरांतला मजकूर शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा एकच माणूस आहे, आणि तो माझा व्याही आहे. आश्रमशाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले हे गृहस्थ ढाणकीजवळच्या आपल्या तांड्यावर राहतात आणि शर्टाच्या खिशात पेनाऐवजी भिंग बाळगतात. औषधाच्या खोक्यातला घडीचा कागद ते गोळीच्या आधी घेतात. एसटीच्या तिकिटाची मागची बाजू वाचून होईपर्यंत त्यांना खिडकीबाहेरचं काही दिसत नाही. माझ्या मुलीच्या लग्नात वरात आली ती नवरदेवाच्या गाडीत डिझेलचा कॅन घेऊन. मंगल कार्यालयाच्या पावतीमागे ‘जनरेटर उपलब्ध, इंधन वगळून’ असं छापलेलं होतं आणि ते आमच्या बाजूच्या कोणीही पाहिलं नव्हतं. ऐन मंगलाष्टकांत वीज गेली. व्याह्यांनी कॅन पोचता केला आणि अक्षता टाकायला ते पुन्हा आपल्या जागी येऊन उभे राहिले.

मुलीनं सासरी, तांड्यावरच, रक्त तपासणीची लॅब काढली तेव्हा या वाचनाचा खरा कस लागला. अहवाल इंटरनेटवरून उमरखेडच्या डॉक्टरांकडे जाणार होते. लाइन टिकली नाही तर लॅब आणि तिच्याबरोबर बिऱ्हाडही उमरखेडला हलवायचं, असं मुलगी-जावयाचं ठरलं होतं. इंटरनेट कंपनीचा माणूस व्यावसायिक जोडणीचा करार घेऊन आला, तेव्हा व्याह्यांनी अंगणात सतरंजी घातली आणि शेजाऱ्यांना बोलावलं. चार घरांशी संबंध येणारी गोष्ट चौघांसमोर बोलायची, ही तांड्याची जुनी रीत. ते एकेक कलम इंग्रजीत वाचत, गोरबोलीत, म्हणजे तांड्याच्या बंजारा बोलीत, समजावत आणि सगळ्यांच्या माना हलल्याशिवाय पुढे सरकत नसत. प्राण्यांनी केलेल्या नुकसानीला ग्राहक जबाबदार, या कलमावर एका म्हातारीनं हरकत घेतली. वांदरं जंगल खात्याची, ती आमच्या सुनेच्या नावावर कधी झाली, असा तिचा प्रश्न होता. तिसऱ्या चहानंतर कंपनीचा माणूस म्हणाला, “काका, हे कोणीच वाचत नाही हो.”

“लिहिणाऱ्यानं तरी वाचलं असंन ना?” व्याही म्हणाले आणि त्यांनी पान उलटलं.

शेवटच्या पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ होती: नगर हद्दीबाहेरील दुरुस्ती सोयीनुसार. व्याह्यांनी भिंग खाली ठेवलं.

“सोयीनुसार म्हणजे कोणाच्या? मले तेवढं सांगा, मी आत्ता सही करतो.”

कंपनीच्या माणसानं कार्यालयाला बरेच फोन केले. अखेर वांदरं खोडली गेली, करारात तांड्याचं नाव आलं आणि दुरुस्ती दुसऱ्या दिवसापर्यंत होईल असं लिहिलं गेलं. निघताना तो म्हणाला की एवढी चौकशी त्याच्या सोयरिकीच्या वेळीही झाली नव्हती. चूकच झाली म्हणायची, असं म्हणत म्हातारीनं त्याच्यासाठी चौथा चहा मागवला.

पुढे वांदरांनी तार तोडलीच, तीही सणाच्या सुट्टीत. फोनवरच्या बाईंनी हद्दीचं कारण सांगितलं. व्याह्यांनी कलम वाचून दाखवलं आणि त्यात सुट्टी वगळल्याचं कुठं लिहिलंय, एवढंच विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन माणसं शिडी घेऊन हजर झाली. लॅब अजून तांड्यावर आहे, मुलगीही आहे. मी हे ओळखीच्या प्रत्येकाला सांगत असतो. काहींना दोनदा सांगून झालं आहे.

अलीकडे यवतमाळच्या दवाखान्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्याआधी परिचारिकेनं संमतीपत्र आणून दिलं, बरंच बारीक आणि दाट. आता दुपार जाणार हे ओळखून मी खुर्ची ओढून बसलो. भिंगाचा त्यांना आता उपयोग उरला नव्हता. कोणीतरी मोठ्यानं वाचावं असंही ते म्हणाले नाहीत. कागद हातात चाचपत त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या सुनेकडे, माझ्या मुलीकडे, तोंड वळवलं.

“तू वाचलं ना, बेटा?”

“हो, बापू.”

तिनं बोट ठेवलं तिथं त्यांनी सही केली. सही किंचित तिरकी आली.