वडिलांच्या नावाची केळी

आमच्या घरात फळ येतं ते कोणी आजारी पडलं की. आंब्याचे दोन महिने सोडले तर मी आपणहून फळं विकत आणल्याचं मला आठवत नाही. भाजी रोज एक, आणि तीही मुलं ताटाच्या कडेला सारतात. पपईने भरलेल्या गाड्या नंदुरबारच्या रस्त्यांवरून रोज जाताना दिसतात, तरी आमच्याकडे हे असंच आहे.

गेल्या वर्षी आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या किडन्या बिघडल्या आणि घरात फळांची रीघ लागली. आजाऱ्याला भेटायला कोणी रिकाम्या हाताने येत नाही. कोरीटच्या नातेवाइकांनी पपया आणल्या, शेजाऱ्यांनी सफरचंदं. खांडबाऱ्याची आत्या, आप्पांची धाकटी बहीण, दर आठवड्याला रेल्वेने यायची आणि प्रत्येक वेळी एक डझन केळी आणायची. पहिल्या पंधरवड्यात अकरा किलो फळं आली. मी वजन करत होतो.

डॉक्टरांनी बंद केली होती ती नेमकी केळी आणि पपई. रक्तातलं पोटॅशियम वाढलं तर हृदयाला धोका, असं त्यांनी बजावलं होतं. भाज्याही चिरून भिजवायच्या, उकळायच्या, ते पाणी ओतून द्यायचं आणि मग फोडणी घालायची. सफरचंद चालत होतं, पण आप्पांना दात नाहीत. बायकोने किसून दिलं तर म्हणाले, "हाऊ तं भुसा शे."

मग केळी मुलं खाऊ लागली. पुढच्या दोन महिन्यांत माझ्या दोन्ही मुलांनी रोज फळ खाल्लं, तसं आधी कधीच खाल्लं नव्हतं. त्यांना सवय लागतेय याचं मला बरं वाटे. मुलं आप्पांच्या खाटेजवळ बसूनच केळी सोलायची. आप्पा बघत राहायचे.

"बठा माले देखाले येतस," सगळ्या पाहुण्यांबद्दल एकदा ते म्हणाले, "नि खातस पोरं."

एका सोमवारी बारा केळ्यांतून मुलांची चार वजा केली, तर आठऐवजी सातच उरली होती. साल आप्पांच्या गादीखाली सापडली. पुढच्या तपासणीत पोटॅशियम वाढलेलं निघालं. ते एका केळ्याने वाढलं की आणखी कशाने, हे मला आजही सांगता येणार नाही. पण आत्या आली तेव्हा मी अहवाल तिच्यासमोर धरला.

"आत्या, यापुढे काही आणू नका."

"अरे, बहात्तर वरीसना माणूस. एक केळं खादं तं काय गुन्हा व्हयना?"

मी तिला आकडा वाचून दाखवला. तिने पिशवीची घडी घातली, आप्पांच्या पायांवरून हात फिरवला आणि दुपारच्याच गाडीने निघून गेली. पुढच्या आठवड्यात ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. इतर लोकही हळूहळू थांबले आणि घरातली फळं संपली.

पोटॅशियम खाली आलं. डॉक्टर खूश होते, मीही होतो. त्याच महिन्यात आप्पांची भाकर अर्धीवर आली, मग चतकोरावर. उकडलेली दोडकी ते बोटाने इकडून तिकडे करत. वजन साडेतीन किलोने घटलं. डॉक्टर म्हणाले, "आता आठवड्यातून एकदा अर्धं केळं द्या. काहीतरी पोटात जाऊ दे."

मी बाजारातून केळी आणली आणि अर्धं केळं बशीत घालून त्यांच्यापुढे धरलं. "आप्पा, आता चालतं. डॉक्टरांनीच सांगितलंय."

त्यांनी बशीकडे पाहिलंही नाही. "पोरेसले दी दे."

बायकोने आर्जव केलं, धाकट्या मुलीने घास तोंडाशी नेला. त्यांनी ओठ उघडले नाहीत. शेवटी मी आत्याला फोन केला. या, आणि केळी घेऊन या, असं दोनदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ती आली. हातात काही नव्हतं.

"तूच तं सांगेल व्हतं, काही आणू नको," माझ्याकडे न बघता ती म्हणाली आणि आप्पांच्या उशाशी बसली. दोघं बराच वेळ जुन्या माणसांबद्दल बोलत होती. मी बशी घेऊन दारात उभा होतो. आत जावं की नाही, ते मला कळत नव्हतं.