पूर्ण वाक्यात उत्तर द्या

माझं इंग्रजी मराठी शाळेत घडलं, आणि ही गोष्ट मी विलायतेत कधीही लपवली नाही. पाचवीत एबीसीडी गिरवली आणि सहावीपासून बाईंनी क्रियापदांची रूपं पाढ्यांसारखी म्हणून घ्यायला सुरुवात केली. गो-वेंट-गॉन, ईट-एट-ईटन. सगळा वर्ग एका चालीत डुलायचा. प्रश्न कसलाही असो, उत्तर पूर्ण वाक्यात द्यायचं. नुसतं ‘येस’ म्हटलं की बाई कपाळाला हात लावायच्या. पुढे मी स्वतः पुण्याच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायला लागले, तेव्हा कपाळाला हात लावायचं काम माझ्याकडे आलं.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या ह्यांना साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलात नोकरी लागली आणि मी व्याकरण बरोबर घेऊन तिथे पोचले. बघते तर तिथे व्याकरणाला कुणी विचारत नव्हतं. लेकीच्या शाळेत जाऊन मी विचारलं, “पार्ट्स ऑफ स्पीच कधी शिकवणार?” तिच्या टीचर गोड हसून म्हणाल्या की हल्ली आम्ही ते करत नाही, मुलं आपोआप शिकतात. मी घरी आले ती धुमसतच.

“अगं, त्यांची भाषा आहे, ते काहीही करतील,” हे म्हणाले.

“ममी, इट जस्ट साउंड्स राइट,” लेक म्हणाली, आणि लगेच मराठीत, “माझा वही कुठे गेला?”

“हे पण साउंड्स राइट का?” मी विचारलं. तिला राग आला, पण वही मीच शोधून दिली.

पुढे आम्ही लंडनच्या पिनर भागात घर घेतलं आणि मला पुन्हा शिकवायला मिळालं. वेम्बलीत एका लायब्ररीच्या मागच्या खोलीत कौन्सिलने, म्हणजे तिथल्या नगरपालिकेने, बायकांसाठी इंग्रजीचा वर्ग काढला होता. त्याला ट्यूटर हवी होती. मुलाखतीला मी ठेवणीतली साडी नेसून, वर कोट घालून गेले आणि नोकरी घेऊनच आले. त्या दिवशी मी बसमध्ये वरच्या मजल्यावर अगदी पुढच्या सीटवर बसले. पुन्हा बाई झाल्याचा आनंद मला खालच्या मजल्यावर मावण्यासारखा नव्हता.

वर्गातल्या बहुतेक जणी आपल्याकडच्याच. कुणी डॉक्टरांच्या आया, कुणी सासवा, मुलांनी इथे आणून ठेवलेल्या. सगळ्यांत वयस्कर होत्या सातारच्या आजी. नऊवारी, त्यावर मुलाचं जुनं जाकीट, पायात मोजे आणि चपला. पहिल्याच दिवशी मी प्रत्येकीला विचारलं, इंग्रजी कशासाठी शिकायचंय? आजींनी आजूबाजूला पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, “बाई, बायकांची दुखणी असतात की नाही? सर्जरीत, म्हणजे डॉक्टरच्या दवाखान्यात, मुलगा बसतो शेजारी, मी बोललेलं सांगायला. मुलासमोर काय सांगणार मी? ‘ठीक आहे’ म्हणते आणि तशीच परत येते. मला एकटीला जायचंय.”

इतर जणींचंही तेच होतं, हे मला त्यांच्या तोंडावर दिसलं. मी खडू उचलला आणि ठरवलं की ह्या बाईला डॉक्टरसमोर एकटीला बसवायचंच.

मला येत होतं तसंच मी शिकवलं. रूपं चालीवर म्हणून घेतली, उत्तरं पूर्ण वाक्यात घेतली. एका वर्षात आमच्या वर्गाची खोली दुमदुमायला लागली. शेजारी पेपर वाचणारे म्हातारे तक्रार करायचे, पण आम्ही दाद देत नव्हतो. आजींना बोळकं तोंड असूनही ‘थ’ नीट यायला लागला, तेव्हा मी सगळ्यांना पेढे वाटले.

मग कौन्सिलच्या मॅडम वर्ग बघायला येणार असं कळलं. पैसे कमी झालेत, बायका उपयोगाचं इंग्रजी शिकत नसतील तर वर्ग बंद करून खोली व्यायाम करणाऱ्या कीप-फिटवाल्यांना द्यायची, असा बेत होता. मी वर्गात तसं सरळ सांगून टाकलं. आजींचा चेहरा उतरला. डॉक्टरकडे एकटीनं जाण्याइतकी तयारी अजून झाली नव्हती.

मॅडम आल्या. उंच, हसऱ्या, स्वभावाने बऱ्या. आमची रूपं ऐकून मात्र त्यांच्या भुवया वर गेल्या. बाजूला घेऊन मला म्हणाल्या, “लोक असं चालीवर बोलत नाहीत हो. आणि पूर्ण वाक्यात तर कुणीच बोलत नाही.”

मी म्हटलं, “अर्धवट वाक्य कुणालाही बोलता येतं. माझ्या बायकांना चारचौघांत नीट नेसून जायची सवय आहे, बोलायचं तेही नीटच बोलतील.”

त्यांना ते पटलं नाही. त्या खुर्ची ओढून मध्ये बसल्या आणि स्वतः प्रश्न विचारायला लागल्या. नाव काय, राहता कुठे, मुलं किती. सगळ्यांनी खणखणीत उत्तरं दिली, पूर्ण वाक्यात. माझी मान ताठ झाली. मग मॅडमनी आजींना विचारलं, “अँड व्हॉट इज युअर हजबंड्स नेम?”

आजी गप्प झाल्या. मॅडमनी तोच प्रश्न सावकाश, मोठ्यानं विचारला. आजींनी खाली पाहिलं. मॅडम शेजारच्या बाईकडे वळल्या. ती छताकडे बघायला लागली. तिसरीनं पदर तोंडाला लावला. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, ते ‘एवढा साधा प्रश्न एका वर्षात शिकवला नाहीत?’ अशा नजरेनं.

आणि खरंच शिकवला नव्हता. तो प्रश्न माझ्या डोक्यातच आला नव्हता. हे काय करतात, हे काय खातात, हे कुठे गेलेत, सगळं घेतलं होतं. आमच्यात नवरा हे नाम नव्हतंच, ते सर्वनाम होतं. मी स्वतः घरी ‘अहो’च्या पुढे कधी गेले नव्हते.

मी मॅडमना समजावून सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात आजी म्हणाल्या, “बाई, उखाण्यात घेतलं तर चालेल का?”

मी मॅडमना भराभर सांगितलं की आम्ही नवऱ्याचं नाव नुसतं घेत नाही, दोन ओळी जुळवून त्यात गुंफतो, आणि ह्या आता तसं घेणार आहेत. मला वाटलं आजी मराठीत घेतील. आजी उभ्या राहिल्या, जाकिटाची चेन वर ओढली आणि म्हणाल्या,

“इन माय गार्डन रोझेस आर रेड,
अमुकराव ईट्स भाकरी, ही डझन्ट ईट ब्रेड.”

नाव अर्थात त्यांनी खरं घेतलं, ते मी इथे लिहीत नाही. पण त्या उखाण्यात काय नव्हतं! कर्ता होता, कर्म होतं, होकार आणि नकार दोन्ही जागच्या जागी. मला टाळ्या वाजवायचं भान राहिलं नाही, डोळेच भरून आले. मी शिकवलेलं व्याकरण ह्या बाईनं उखाण्यात घातलं होतं.

मग एकच गोंधळ उडाला. एकेकीनं नाव घेतलं. कुणाचे नवरे चहा प्यायले, कुणाच्या नवऱ्यांची बस चुकली, पण घेतलं सगळ्यांनी इंग्रजीतच. मग ‘आता मॅडमनी घ्यावं’ असा ओरडा झाला. मॅडम लालबुंद होऊन हसत सुटल्या. शेवटी ‘आता बाईंनी’ म्हणून सगळ्या माझ्यावर उलटल्या आणि माझी पाचावर धारण बसली. माझा उखाणा त्या दिवशीचा सगळ्यात पडेल होता.

वर्ग चालू राहिला. कीप-फिटवाल्यांना दुसरीकडे जागा मिळाली. पुढच्या उन्हाळ्यात आजी सर्जरीत एकट्या गेल्या, मुलाला बाहेर बसवलं, आणि औषध घेऊन आल्या. त्या दिवशी पेढे त्यांनी वाटले.

नव्वद सालच्या हिवाळ्यात आजी दोन मंगळवार वर्गाला आल्या नाहीत. चौकशी केली तर कळलं की आजोबा हॉस्पिटलात होते. ते घरी आल्यावर मी भेटायला गेले. आजोबा सोफ्यावर शाल गुंडाळून बसले होते. झालं होतं असं, की भर दुपारी त्यांच्या छातीत कळ आली. मुलगा-सून कामावर. आजींनी फोन उचलला आणि अँब्युलन्ससाठी ९९९ फिरवला.

“माय हजबंड हॅज अ पेन इन हिज चेस्ट. ही इज स्वेटिंग,” आजींनी मला जसंच्या तसं म्हणून दाखवलं. “पत्ता सांगितला. मग फोनवरची पोरगी म्हणाली, नवऱ्याचं नाव काय? बाई, रोझेस आठवेनात हो मला. मग सांगून टाकलं.”

“नुसतं नाव?” मी विचारलं.

“नुसतं कसं? पूर्ण वाक्यात.”

आजोबा शालीतून हसले. “बाई, मी इथेच पडलो होतो. वाटलं, आता काही खरं नाही. आणि हिच्या तोंडून माझं नाव ऐकलं. उखाण्याशिवाय, लग्नानंतर पहिल्यांदा! म्हटलं, आता थोडं थांबावं.” ते आणखी म्हणाले, “पण तेव्हा नीट ऐकता आलं नाही. तुम्ही पुन्हा म्हणायला लावा ना तिला. तुमचं ऐकते ती.”

आजी चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्या लाजल्या आणि आत वळायला लागल्या. मी वर्गातला आवाज काढला.

“आजी, व्हॉट इज युअर हजबंड्स नेम?”

त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला, पदर सारखा केला आणि आजोबांकडे बघत म्हणाल्या, “पूर्ण वाक्यात?”

“पूर्ण वाक्यात.”

त्यांनी म्हटलं. एकही चूक नव्हती.