मापवाल्या काकूंची बिनसाखरेची लस्सी

अख्खी गल्ली त्यांना मापवाल्या काकू म्हणायची, आणि ते नाव काही नुसत्या शिवणकामावरून पडलेलं नव्हतं. बाईंच्या गळ्यात टेप असायची ती जेवतानासुद्धा उतरत नसे. खांदा किती, बाही किती हे त्या नजरेने सांगत आणि मग टेप लावून आपणच बरोबर होतो हे समोरच्याला दाखवून देत. चूक कबूल करणं हा प्रकार त्यांच्या घराण्यात नव्हता. नवरा घड्याळजी. खाली त्याचं दुकान, वर दोन खोल्या, जिन्याशी काकूंचं मशीन. माणूस गरीब स्वभावाचा, गोड बोलणारा आणि त्याहून जास्त गोड खाणारा.

त्याला मधुमेह निघाला तेव्हा काकूंनी पदर खोचला. घरातलं गोड एका दिवसात बंद. पण जेवणानंतरची लस्सी सोडायला घड्याळजी तयार होईना, म्हणून काकूंनी त्यावर तोड काढली. साय काढलेलं दूध करंगळीला सोसेल इतपत कोमट करायचं, त्यात चमचाभर विरजण, आणि दही आंबट व्हायच्या आत, लागतं न लागतं तोच रवी धरायची. पाणी माठातलं. मीठ नाही, साखर नाही, फक्त ताजी कुटलेली वेलची. वेलचीच्या वासाने जीभ फसते, असं काकूंचं शास्त्र होतं. सकाळी एक पेला, दुपारी एक. पेला हातात घेऊन घड्याळजी खाली दुकानात जाई आणि रिकामा आणून देई. जेवणानंतरची लस्सी न्याहारीला कशी आली, हे विचारायची सोय त्याला नव्हती.

पण साखर उतरेना. डॉक्टरांनी गोळ्यांवरून इन्सुलिनवर आणलं. सुई द्यायचं काम अर्थातच काकूंचं, त्यांच्या हाताला सुईची सवय. दोन महिन्यांनी डॉक्टरांनी डोस वाढवला, पुढच्या खेपेला आणखी वाढवला. गोड काही खाता का, असं त्यांनी घड्याळजीला विचारलं की उत्तर काकू देत. "मी बसलेय ना घरात. माझ्या नजरेखालून साखरेचा दाणा जायचा नाही." घड्याळजी खाली मान घालून चपलेकडे बघत राही. कुठेतरी पाणी मुरत होतं, पण ते बघायला काकूंनी स्वतःवर शंका घ्यायला हवी होती.

अखेर मुंग्यांनी चुगली केली. काकू दुकानात झाडू मारत होत्या, तर मुंग्यांची रांग भिंतीवरून थेट बारीक स्क्रू ठेवायच्या डब्यांकडे निघालेली. चौथ्या डब्यात साखर. चमच्यासकट.

घड्याळजीने सगळं सांगून टाकलं. पेल्याला चार चमचे, पहिल्या दिवसापासून. वर हात जोडले. "डॉक्टरांना सांगू नकोस गं. या वयात पोरासारखी बोलणी खायला नको वाटतं."

काकू इतक्या भडकल्या होत्या की खरं तर त्या तडक दवाखान्यात गेल्याच असत्या. पण मग त्यांना आपलेच शब्द आठवले. नजरेखालून दाणा जायचा नाही म्हणे. डॉक्टर हसतील, त्यांच्या दवाखान्यातली ती चुरचुरीत बोलणारी नर्स तर आठवडाभर हसेल. आता साखर बंदच होणार आहे, पुढच्या तपासणीला आकडा आपोआप खाली येईल आणि डॉक्टर पाठ थोपटतील, मग जुनं उकरायचं कशाला? झाकली मूठ ठेवायचं दोघांत ठरलं. डबा रिकामा झाला. त्या दिवसापासून पेला काकूंसमोर बसून संपवायचा, असा कायदा झाला. सुईचा डोस मात्र तोच राहिला, कारण तो डॉक्टरांनी लिहून दिलेला होता.

पाचव्या दिवशी घड्याळजीला पंख्याखाली दरदरून घाम फुटला. तलफ आलीय, काकू म्हणाल्या. मग त्याच्या हातांना कंप सुटला. चाळीस वर्षं केसाएवढे स्क्रू बसवणारे हात चिमटा धरेनात. काकूंनी तेही तलफेच्या खाती टाकलं. एका जुन्या गिऱ्हाईकाने घड्याळ परत आणलं, त्यात मिनिटकाटाच नव्हता. घड्याळजी म्हणाला, बसवला होता. गिऱ्हाईक म्हणालं, बघा तरी. तेव्हा हा शांत माणूस एकदम त्याच्या अंगावर ओरडला आणि नंतर आपण का ओरडलो हे त्याला आठवेना. काकूंना आतून कुठेतरी चरकल्यासारखं झालं. पण साखर सोडताना माणूस चिडायचाच, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. तपासणीला बाराच दिवस उरले होते, आणि त्यांना तो आकडा हवा होता.

त्यानंतरच्या एका सकाळी घड्याळजी पलंगाच्या काठावर बसून राहिला. सदरा उलटा घातलेला.

"आज सुई राहू दे का?" तो म्हणाला. "आतून पोकळ पोकळ वाटतंय."

"सुई चुकवायची नसते. नाटकं पुरे आता."

त्यांनी दंडाची चिमूट धरली, सुई दिली, पेला हातात ठेवला. त्याने दोन घोट घेतले आणि पेल्याकडे असा बघत बसला, जणू तो कशासाठी असतो हेच विसरला होता. पोळीला त्याने हात लावला नाही. नेमकं खालून एका बाईने हाक मारली, तिचा ब्लाउज अंगाला घालून बघायचा होता. सगळं संपवा, असं बजावून काकू खाली उतरल्या. काखेत बाही ओढत होती, ती उसवण्यात पाऊण तास गेला. वर आल्या तेव्हा घड्याळजी जमिनीवर होता, सदरा घामाने चिंब, डोळे अर्धे उघडे, तोंडातून नुसती घरघर.

शेजाऱ्याच्या गाडीतून त्याला हलवलं. इस्पितळात शिरेतून साखर चढवली, तरी दुपारपर्यंत तो बोलला नाही. डोळे उघडले, पण ते काकूंवरून सरकून भिंतीकडे गेले. त्यांचे डॉक्टर धावत आले आणि कागद चाळू लागले. एवढा डोस तर यांना पुरत नव्हता, आता एवढी साखर उतरली कशी, असं ते स्वतःशीच पुटपुटत होते. मग त्यांनी काकूंना विचारलं, खाण्यात काही बदल केला होता का.

काकूंनी सांगितलं. पेल्याला चार चमचे, पहिल्या दिवसापासून. तीन आठवड्यांपूर्वी बंद केले. हे सांगायला त्यांना अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही.

डॉक्टर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी नुसतं चष्मा काढून डोळे चोळले. "डोस त्या साखरेसाठी होता हो, काकू. एक फोन केला असता, तर त्याच दिवशी कमी केला असता."

डॉक्टरांबरोबर आलेली तीच नर्स शेजारी उभी राहून फॉर्म भरत होती. तिने वय विचारलं, वजन विचारलं, शेवटची सुई किती वाजता दिली ते विचारलं.

"आणि सुई रोज कोण द्यायचं?"

"मी," काकू म्हणाल्या. नर्सने ते लिहून घेतलं.