जऊळक्याचं पाच पायांचं वासरू

शुक्रवारी सकाळी इरफानचा फोन आला तेव्हा मी अकोल्यात घरी कांदा चिरत होतो. इरफान माझा जुना विद्यार्थी, जऊळक्याला स्टेशनजवळ त्याचं पंप दुरुस्तीचं दुकान आहे. "सर, आमच्या इथं रुख्मा मावशीच्या गाईले पाच पायाचं वासरू झालं. पाह्याले येता काय?" बारावीला जीवशास्त्र शिकवता शिकवता माझे केस पिकले, पण असलं काही पुस्तकाबाहेर पाहिलं नव्हतं. कांदा तसाच टाकून मी स्टेशन गाठलं.

जाणाऱ्यांसाठी सांगतो. अकोल्याहून वाशीमकडे जाणारी पॅसेंजर जऊळक्याला थांबते आणि तिकिटाला एका प्लेट आलूबोंड्याइतकेही पैसे पडत नाहीत. गाडी वेळेवर येईल या भरवशावर मात्र राहू नका. मुक्काम करायचा असेल तर सरळ वाशीम गाठा, तिथे लॉज मिळतात. माझी जेवणाची सोय इरफानच्या घरी झाली. ज्वारीची भाकर आणि असा ठेचा की डोळ्यांतून पाणी आलं.

मावशींच्या गोठ्यापुढे बायकांची रांग होती. वासरू चार दिवसांचं, तांबूस, चांगलं हुंदडणारं. पाचवा पाय वशिंडाशेजारून निघून खाली लोंबत होता. येणारी प्रत्येक बाई हात जोडून त्या पायाच्या मुळाशी हळदकुंकू दाबत होती. मी मात्र गुडघ्यांवर बसून तो पाय चाचपला. गुडघा होता, नळी होती, खाली दोन नीट खूर होते. मला अक्षरशः उड्या माराव्याशा वाटल्या.

कारण सांगतो. शरीराचा आराखडा गर्भातच ठरतो: डोकं कुठे, पाठ कुठे, पाय कुठे फुटायचे. आपले हातपाय फार जुन्या माशांच्या परांवरून आले, म्हणून वटवाघळाचा पंख, माणसाचा हात आणि गाईचा पुढचा पाय यांची हाडं एकाच क्रमानं लागतात. उत्क्रांती नवं सामान विकत आणत नाही, घरातलंच जुनं वापरते. या वासरात पाय बनवायची सूचना चुकीच्या जागी पोचली होती, पण पाळली गेली होती अगदी शिस्तीत. वर्गात महिनाभर घसा कोरडा करून जे पोरांच्या गळी उतरत नाही, ते इथे पाच मिनिटांत कळलं असतं.

शनिवारी सकाळी वाशीमहून जनावरांचे डॉक्टर तो पाय काढायला येणार होते. मी मावशींना म्हटलं, "सोमवारपर्यंत थांबाल का? माझ्या मुलांना दाखवतो."

मावशींनी गाईकडे पाहिलं. "सर, वासरू गेलं तं हे गाय पान्हा सोडत नाही. माह्या घरी या दुधावरच चाललं हाये. पन तुमी शिकेल मानूस, सांगून राह्यले तं समजूनच सांगत असान."

मी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "सोमवारी करू. लवकर केलेलं बरं. तोवर कुठे जखम झाली तर तिच्यावर माश्या बसू देऊ नका." 'लवकर केलेलं बरं' हे मी ऐकलं होतं. ऐकूनही सोमवारच ठरवला.

सोमवारी आठ विद्यार्थी घेऊन उतरलो. इरफान फलाटावर उभा होता, मान खाली. "सर, पहाटेच गेलं ते." लोंबत्या पायाच्या ओझ्यानं कातडी मुळाशी फाटली होती, कुंकवाखाली ते कोणाला दिसलंच नाही. रविवारी दुपारी अळ्या दिसल्या. डॉक्टर धावत आले, पण अंगात ताप भिनला होता.

परत फिरावं असं वाटत होतं, पण पोरं सोबत होती, आणि मावशींना तोंड न दाखवता जाणं बरं नव्हतं. गोठ्यात गावातला एक म्हातारा वासराच्या सोललेल्या कातडीला मीठ चोळून तिच्यात कुटार, म्हणजे वाळला भुसा, भरत होता. तसं वासरू पुढे ठेवलं की गाय पान्हा सोडते, ही तिकडची जुनी रीत. पाचवा पाय कापल्यानं खांद्याजवळ पडलेलं भोक त्यानं सुतळीनं शिवून टाकलं. चार पायांचं ते वासरू गाईसमोर टेकवलं. तिनं हुंगलं, ती थांबली, मग चाटायला लागली. मावशी धार काढायला खाली बसल्या. थोडं दूध उतरलं, चरवीचा तळ जेमतेम झाकण्याइतकं. माझ्या वर्गातली एक मुलगी रडायला लागली, आणि मलाही आवरलं नाही.

"मावशी, माझं चुकलं," मी म्हणालो.

"आता कायले बोलता सर," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. बाहेर आल्या त्या गोणपाटाची एक गुंडाळी घेऊन. "हे घ्या. पोरायले दाखवाचा व्हता ना. मीठ लावून ठेवला, नासला नाही."

शिव्या घातल्या असत्या तर सोपं गेलं असतं. ती गुंडाळी मांडीवर घेऊन मी अकोल्यापर्यंत आलो.

गावाचं म्हणाल तर जरूर जा, माणसं जीव लावणारी आहेत. तो पाय आता आमच्या प्रयोगशाळेत बरणीत आहे. दरवर्षी आराखड्याचा धडा आला की बरणी टेबलावर काढतो. पोरं हाडं मोजतात, खूर मोजतात, वहीत आकृती काढतात. पण त्याआधी मी त्यांना एक वाक्य लिहून घ्यायला लावतो: हा पाय शनिवारी निघणार होता.