मशीनच्या जाळीतले केस

आज सकाळी वॉशिंग मशीनची जाळी साफ करताना बोटांना ओले केस चिकटले आणि मला भंडाऱ्याचं ते दुकान आठवलं. ऐंशीच्या दशकाची अखेर असेल. मायची मनगटं सुजायची, आमच्या लाखनीच्या घरातल्या कुत्र्याची गोधडी तिला पिळवेनाशी झाली होती. म्हणून आम्ही दोघी वरून कपडे टाकायची मशीन बघायला गेलो, कारण विहिरीचं पाणी बादलीनं वरूनच ओतावं लागणार होतं. दुकानात तशा दोन मशीन होत्या, एका टबाची आणि दोन टबांची. कोणती घ्यावी, मला काही कळेना. दुकानदार बटणांबद्दलच बोलत होता. माय शांतपणे म्हणाली, "ते सारं ठीक हाय जी, पण कुत्र्याचे केस कोठी जातेत?" त्यानं माहितीपुस्तक उलटसुलट चाळलं. तेव्हा मायनं पिशवीतून ती गोधडीच काढून दिली. आमची खात्री पटावी म्हणून त्यानं खांद्यावरचा स्वतःचा पांढरा दुपट्टाही तिच्यासोबत टबात टाकला. दहा मिनिटांनी दुपट्टा कुत्र्यासारखाच केसाळ होऊन निघाला. "ही मशीन धुऊन नाही राहिली जी," माय म्हणाली, "वाटून राहिली." ओली गोधडी मांडीवर घेऊन आम्ही एसटीनं परतलो, आणि मशीन घ्यायची की नाही, ते लाखनी येईपर्यंत ठरलं नाही. आता माय नाही, घरात कुत्राही नाही. मग हे कोणाचे, म्हणून जाळीतले लांब पांढरे केस मी खिडकीच्या उजेडात धरले. माझेच होते.