मिस्त्रींचा कान आणि प्रेशरचा काटा

गॅरेजात गाडी उघडली की गाडीवाला स्टुलावर बसतो, चहा येतो आणि गप्पा सुरू! वीस वर्षं हेच केल्यावर किस्से साठणार नाहीत तर काय? द्वारका चौकाजवळचं आमचं गॅरेज म्हणजे मालक नाना, इलेक्ट्रिशियन मी आणि नानांच्या तरुणपणापासूनचे शंकर मिस्त्री. किस्से बहुतेक मिस्त्रींचेच.

* * *

अठ्ठ्याण्णवच्या सुमारास इंजेक्शनच्या गाड्या आल्या. टाकीत पेट्रोल ढकलणारा इलेक्ट्रिक पंप. चावी फिरवली की तो दोन सेकंद घुंऽऽ करतो, तेवढ्यात लाइनमध्ये प्रेशर भरतं. टाकी मागच्या सीटखाली, म्हणून मिस्त्री त्या सीटला कान लावून ऐकायचे. अंगठा वर, म्हणजे पंप ओके!

इंदिरानगरच्या एका डॉक्टरांची गाडी झटके मारत होती. मिस्त्रींनी कान लावला. "टाकी कोरडी हाय."

"अहो, काटा अर्ध्यावर आहे!"

"अडकलाय तो. पंप हवा खातोय."

पेट्रोल ओतलं, गाडी पळाली. डॉक्टर म्हणाले, "मिस्त्री, उद्यापासून माझ्या दवाखान्यात बसा!"

* * *

लासलगावचे एक कांद्याचे व्यापारी. तोंड बंदच होईना. मिस्त्रींनी हात जोडले, "शेठ, दोन सेकंद गप ऱ्हावा, पंप ऐकू द्या."

शेठ गप्प. मिस्त्रींनी अंगठा वर केला.

गाडीतल्या शेठाणी म्हणाल्या, "मिस्त्री, अजून एकदा तपासा की!"

* * *

पुढचा किस्सा आम्ही बरीच वर्षं कुणाला सांगितला नाही. मी एका गाडीची बॅटरी चार्जिंगला काढली होती आणि साफ विसरलो. मिस्त्री मागे कान लावून ओरडले, "मार चावी!" मी फिरवली. डॅशबोर्डवर एकही दिवा लागेना.

मागे पाहिलं तर अंगठा वर. "एकदम ओके!"

बॅटरीच नाही, मग पंप वाजला कुठून? नानांनीही ते पाहिलं आणि मला बाजूला घेतलं. "कुठं बोललास तर याद राख!"

तेव्हापासून मी चावी फिरवली की आधी स्वतः ऐकायचो आणि मोठ्यानं म्हणायचो, "आला ना आवाज, मिस्त्री?"

* * *

नानांनी मग प्रेशर मोजायचा मीटर आणला. मिस्त्री त्याला हात लावेनात. "माझा कान काय भाड्यानं आणलाय?"

एकदा मी रजेवर असताना मखमलाबादच्या गुलाब पिकवणाऱ्या अण्णांची गाडी आली. गाडी मधेच दम टाकते, ही तक्रार. मिस्त्रींनी एकट्यानंच ऐकून ओके दिली. अण्णा गुलाब घेऊन मुंबईला गेले, ते पोचवून परत येताना कसारा घाटाच्या चढाला गाडी बंद! अण्णांनी गाडी ओढून आणली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पण म्हणाले, "असू द्या मिस्त्री, चुकतं माणसाचं."

मिस्त्रींनी आपले पाने-स्क्रूड्रायव्हर पिशवीत भरले आणि दुसऱ्या दिवसापासून आलेच नाहीत. आठ दिवस. मी रजेवर गेलो नसतो तर, असं वाटून मला तर गॅरेजात पाऊल टाकवेना.

* * *

नवव्या दिवशी नानांनी अण्णांच्या गाडीला मीटर जोडायला लावला. लांब नळी बॉनेटमधून बाहेर काढली, मीटर समोरच्या काचेवर टेपनं चिकटवला आणि आम्ही थेट मिस्त्रींच्या घरी, पंचवटीत. मिस्त्री ओट्यावर मटार सोलत होते.

"शंकर, ऊठ. उभ्या गाडीला प्रेशर बरोबर येतंय, कान लावून कुणालाच कळलं नसतं. घाटात चढावर काटा बघायला पाहिजे."

मिस्त्रींनी माझ्याकडे बोट केलं. "हा बघंल की."

"तो गाडी चालवणार."

"मग तू बघ."

"मला कुठं दिसतंय! आठ दिवस झाले चष्मा हरवून."

चष्मा नानांच्या शर्टाच्या खिशात होता, काडी बाहेर आलेली. मी पाहिला. मिस्त्रींनी पाहिला. दारातल्या मिस्त्रीवहिनींनी पाहिला आणि तोंडाला पदर लावला.

मिस्त्री उठले. हात धुतले. फडक्यानं मीटरची काच पुसली आणि पुढच्या सीटवर बसले.

"नाना, मागं बस," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले, "आणि घाटाच्या आधी मेनरोडला थांबव रे. याला नवा चष्मा घ्यायचाय."